शैलाताईंचा गुरुवार

शैलाताईंना प्रयोगशाळेत घाई खपत नसे. काचेवर पॉलिमरचा थर दिला की त्या काच बरणीत ठेवून झाकण लावत, हात मागे बांधून उभ्या राहत आणि म्हणत, "आता हात लावू नगा. त्यांचं त्यांना बसू द्या." बाई रसायनशास्त्रातल्या डॉक्टर, पण माहेर आकुर्डीच्या जुन्या गावठाणातलं. बोलणं शेवटपर्यंत तिथलंच राहिलं.

मी नवी होते. पॉलिमर आपोआप पट्टे कसे पाडतात, ते विचारलं. "दोन जावा," ताई म्हणाल्या. "एकमेकीचं तोंड बघवत न्हाई, पण घर सोडून जाता येत न्हाई. मग काय करत्यात? वाटण्या." एकमेकींशी न पटणाऱ्या रेणूंच्या दोन साखळ्या टोकाला जोडलेल्या, काचेवर त्या केसाहून कितीतरी बारीक पट्ट्यांत वेगळ्या होत. एका पट्ट्यावर प्रथिनं चिकटत, शेजारच्यावर नाही. रांगेत बसलेली ही प्रथिनं रक्ताच्या थेंबातून हृदयविकाराची खूण पकडणार होती. आमची भोसरीतली लहानशी प्रयोगशाळा त्या एका चाचणीवर उभी होती.

पट्टे यायचे, पण फक्त गुरुवारी. त्या दिवशी सगळ्या एमआयडीसीला सुट्टी, आम्ही मात्र कामावर. इतर दिवशी नुसती गिचमिड. आमचा तंत्रज्ञ नौशाद देहूरोडचा. तो बुधवारीच काचा धुऊन ठेवू लागला. "ताई, गुरुवार लाभतोय राव आपल्याला. वरच्याचं देणं, कारण कशाला विचारायचं?" मी तर दत्ताला पेढे ठेवायला लागले होते. ताई हसायच्या, पण कपाळावरची आठी जात नसे.

एका दुपारी त्या खिडकीशी नाक लावून उभ्या राहिल्या. शेजारच्या कारखान्यात स्कूटरचे भाग रंगवत, आणि गुरुवारी ते काम बंद असे. थिनरचा वास आमच्या इतका अंगवळणी पडला होता, की तो येतोय हेच कळत नसे. थर मात्र बरणीत जाण्याआधीच ती वाफ पिऊन फुगायचा आणि पट्टे मोडायचे. "दत्ताला उगा पेढे चारलेस," ताई मला म्हणाल्या. "पुण्य त्या रंगवाल्यांच्या सुट्टीचं."

नेमके त्याच आठवड्यात, शुक्रवारी आमचे मालक आले. प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, ते त्या भेटीत ठरणार होतं. नौशादने आदल्या दिवसाची देखणी काच टेबलावर मांडली. ताईंनी ती बाजूला सारली आणि सकाळची फसलेली पुढे केली. "साहेब, गुरुवारी जमतं, रोज जमत न्हाई. कारण घावलंय. बंदिस्त खोली पायजे आन् वेळ पायजे." मालकांनी चहा घेतला, मान हलवली. महिनाअखेर प्रयोगशाळा बंद झाली.

ताईंना जाऊन आता वर्ष होईल. मी चाकणला दुसऱ्या कंपनीत आहे, खोल्या बंदिस्त आहेत, वास कसलाच येत नाही. ताईंची फार आठवण येते, आणि येते ती सामान बांधण्याच्या त्या दिवसाचीच. नौशाद वैतागून म्हणाला होता, "ताई, ती एक काच दाखवली असती तर काय बिघडलं असतं? नोकऱ्या राहिल्या असत्या आपल्या." मलाही तसंच वाटत होतं. ताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळ्या आयुष्याचं काम खोक्यांत भरलं जात होतं. बरणी कागदात गुंडाळत त्या म्हणाल्या, "नौशाद, मानसाच्या छातीत कळ काय गुरुवार बघून येती व्हय रे?"