दवाखान्याशेजारचा चौकोन

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं साधं काम म्हणजे शाळेच्या पटांगणात रांगोळीनं गाव काढणं. निफाडच्या बाजारात रांगोळीचे ढीग दिसले की अजून तेच आठवतं. गावात पुढं काय कुठं बांधायचं ते ठरवायला जिल्ह्याचे साहेब आले होते, आणि नकाशा बायांनी काढायचा होता. माझ्या बायकोची कंबर धरायची, म्हणून मी रांगोळीची पिशवी घेऊन तिच्या मागं मागं चाललो. नव्या दवाखान्याशेजारी तिनं एक बारका चौकोन काढला. सरपंच म्हणाला, "वहिनी, हे काय?" "बायांची मुतारी." सगळे गडी हसले. "हसा! तुम्हाला सगळं शिवार मोकळं हाय. डॉक्टरीण तपासायला बाटली हातात देते, बाईनं जायचं कुठं?" मला लाज वाटली. "पुरे झाला शहाणपणा," म्हणालो आणि चपलेनं चौकोन पुसला. ती हात झटकून घरी गेली. दुपारी भाकरी थापता थापता चुलीपुढंच कलंडली, ती गेलीच. दिवस मावळायच्या आत तिला पोचवून आलो. दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ग्रामपंचायतीत यादी करत होते. भाऊ ओरडला, "अरे, सुतकात कुठं निघालास?" मी गेलोच. दारात उभा राहून त्याच गड्यांसमोर साहेबांना म्हणालो, "कालचा दवाखान्याशेजारचा चौकोन मी पुसला. चूक माझी. बायांची मुतारी लिहा." त्यांनी लिहिलं. म्हणालो, "आता मोठ्यानं वाचा."