नवी कातडी, जुना वस्तरा

कोरेगावात माझं दाढी-कटिंगचं दुकान आहे. एका सकाळी तिथं टॉवेल गरम करायला पाणी ठेवत होतो. गॅसची नळी सैल झाली असणार. काडी ओढली आणि भडका उठला. तोंड मी वेळेत फिरवलं, पण उजवा हात जाळात सापडला. मनगटापासून बोटांपर्यंत हाताची वरची बाजू खोलवर भाजली.

सांगलीत विश्रामबागच्या एका दवाखान्यात डॉक्टरांनी जळालेलं मांस खरवडून तिथं कृत्रिम त्वचा बसवली.

"ही कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची नाही. जनावराच्या प्रथिनांपासून तयार करतात. तिच्या आधारानं तुमचाच थर वाढेल."

काही आठवड्यांनी तिच्यावरचा सिलिकॉनचा पातळ पडदा काढून तिथं माझ्याच मांडीची कातडी लावली. जखम भरली. सगळे म्हणाले, सुटलास. माझी भीती मात्र तिथून सुरू झाली.

बोटं वाकवली की सांध्यांवरची नवी कातडी पांढरीफटक पडायची. अजून जरा वाकवलं तर फाटेल आणि आतलं हाड दिसेल, असं वाटायचं. दवाखान्यातल्या व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दिवसातून सहा वेळा मूठ मिटायला सांगितलं होतं. मी हात उशीवर ठेवून बसायचो आणि बायकोला सांगायचो, झाला व्यायाम.

पुढच्या खेपेला बाईंनी बोटं किती वाकतात ते मोजलं. "तुम्ही केलंच नाही."

"खरं सांगा की आवं," बायको म्हणाली.

"फाटंल असं वाटतंय."

"फाटण्याची नको, आखडण्याची भीती धरा," बाई म्हणाल्या. "आखडली तर वस्तरा विसरा."

त्या दिवसापासून बायको रोज समोर बसायची. तेल चोळून माझी बोटं हळूहळू दाबायची. एकदा मधल्या बोटावर खरंच चीर पडली, रक्ताचा थेंब आला. मी ओरडून हात ओढला. तिनं लगेच बाईंना फोन लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी पाहिलं. चीर वरवरची होती. चार दिवसांनी तिनं पुन्हा माझी बोटं हातात घेतली.

पाच-सहा महिन्यांनी दुकान उघडलं. कात्री जमली. वस्तऱ्याला मात्र हात लावला नाही. दाढीचं गिऱ्हाईक आलं की पुढच्या दुकानात पाठवायचो.

मग एकदा वडूजकडचे माझे सासरे आले. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस. खुर्चीत बसून त्यांनी मान मागं टाकली.

"पावनं, दाढी करा."

"मामा, मला भ्या वाटतंय."

"मला बी वाटतंय. चालवा."

त्यांनी डोळे घट्ट मिटले. मी फेस लावला, पातं ठेवलं. गालावर ठीक गेलं. गळ्यावर आलो तेव्हा त्यांची शीर उडताना दिसली. ताठरलेल्या बोटांना पात्याचा दाब नीट आवरेना. कानाखाली कापलंच. त्यांनी बोट लावून रक्त पाहिलं.

"मेंढरू कातरताना आमी यापेक्षा लय कापतो. फुडं चला."

दाढी पुरी करून मी पडद्याआड गेलो आणि भिंतीला टेकून उभा राहिलो.

आता रोज दाढ्या करतो. करंगळी पूर्ण वाकत नाही, थंडीत कातडी ओढते. एखादं अनोळखी गिऱ्हाईक निर्धास्त डोळे मिटून मान पुढ्यात देतं, तेव्हा अजूनही क्षणभर माझा श्वास अडकतो. त्याला ते कळत नाही.