लाखेचा थर

पोलिसाची लाठी दादाच्या डाव्या कानावर बसली, तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत स्फटिकाच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवत होते. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. लालबागला रोज दगड, रोज लाठ्या, आणि आमच्या चाळीत रोज कुणाच्या तरी डोक्याला नवी पट्टी. दादाचा उजवा कान गिरणीतल्या मागांनी आधीच खाल्ला होता. डावा त्या दिवशी फुटला.

दादा माझा थोरला भाऊ. बाबा गेल्यावर त्यानेच मला एम.एस्सी.पर्यंत ढकललं. मुळातला हसरा माणूस, पण बहिरा झाल्यावर घरात वाघ शिरल्यासारखं झालं. आई आणि मी बोललो की त्याला वाटे, आपल्याबद्दलच बोलतायत. एकदा त्याने भरलं ताट भिंतीवर फेकलं, एकदा आरशावर मूठ मारली आणि रक्त पुसायलाही हात पुढे केला नाही. वर मोर्चाला जाणारच, हा हट्ट. गोळीबार सुरू होताना लोक ‘पळा’ म्हणून ओरडतात, ते याला कोण सांगणार? सगळे पळतील आणि हा एकटा रस्त्यात उभा राहील, या भीतीने माझं जेवण सुटलं.

डॉक्टर म्हणाले, डाव्या कानाचा पडदा गेला, पण आतली नस शाबूत आहे. कानामागच्या हाडातून आवाज पोचू शकेल. मी ताडकन उभी राहिले. हाड थरथरवायचं तर माझ्याकडे त्या दोन चकत्यांची पट्टी होती. त्या स्फटिकाच्या चकतीला वीज दिली की ती किंचित लांबते. तिच्या पाठीला दुसरी उलटी चिकटवली की ती आखडते. एक लांबते, एक आखडते, म्हणून पट्टी वाकते, आणि वीज मागेपुढे झुलली की थरथरते. त्या थरथरीचं गणित मांडणं हाच माझा अभ्यास होता.

गणित मात्र दगा देत होतं. कागदावर पट्टी माणसाच्या बोलण्याच्या सुरात सर्वांत जोरात थरथरायला हवी होती. टेबलावर ती कितीतरी खालच्या सुरात नुसती गुरगुरायची. बाहेर अश्रुधुराची नळकांडी फुटत होती आणि मी आत संतापाने पट्ट्या फोडत होते. एकदा सरांनी तुकडे उचलून पाहिले आणि विचारलं, चिकटवलंस कशाने? लाखेने, मी म्हटलं. मग समीकरणात लाख कुठे आहे, ते म्हणाले.

लाख मी शून्य धरली होती. दोन थर एकजीव आहेत, असं मानून मोकळी झाले होते. पण मधला तो मऊ थर दोघांनाही जरासं घसरू देत होता. तिसरा थर मांडल्यावर समीकरण पानभर लांबलं, आणि उत्तर टेबलाशी जुळलं. मग स्पिरिटमध्ये लाख पातळ करून, दाबाखाली ठेवून मी नवी पट्टी केली. तो स्फटिक पाण्यात मिठासारखा विरघळतो, म्हणून वर मेणाचा हात फिरवला. तोही पातळच, कारण जाड मेणाने थरथर मेली असती.

चोरबाजारातून बहिऱ्यांच्या यंत्राची, आवाजाची वीज करणारी जुनी पेटी आणली, ती दादाच्या खिशात ठेवली आणि पट्टी फडक्याने कानामागे करकचून बांधली. मी जीव खाऊन हाक मारली, ‘दादा!’

‘ओरडतंस कित्याक?’ तो आमच्या मालवणीत म्हणाला. ‘माका ऐकाक येता.’

आई पदरात तोंड घालून रडली. दादा मात्र दुसऱ्याच दिवशी मोर्चाला गेला.

पोलिसांनी मोर्चा आमच्याच चाळीसमोर फोडला. लाठ्यांचे आवाज, किंकाळ्या, काचांचा खच, आणि अश्रुधुराने रस्ता दिसेना. अशा वेळी चाळीतल्या बायका गॅलरीतून पोरांच्या तोंडांवर पाणी ओतत. आईही आमच्या पहिल्या मजल्यावर घागर घेऊन उभी होती. खाली दादा डोळे चोळत आला आणि त्याने तोंड वर केलं. तिने अख्खी घागर त्याच्या डोक्यावर रिकामी केली. मी तिचा हात धरेपर्यंत पाणी फडक्यातून निथळत होतं.

तेवढ्यात नाक्यावर बंदुका रोखल्या गेल्या. रस्ता क्षणात ओस पडला. दादा तिथेच उभा, आमच्याकडे बघून हसत. मी घसा फुटेस्तोवर ओरडले. आईने दोनदा हाक मारली, आणि मग ती तांब्याची घागर दोन्ही हातांनी उचलून त्याच्यावर फेकली. तो खांद्यावर घाव घेऊन कोसळला. गोळी त्याच्यामागच्या लाकडी खांबात शिरली.

शेजाऱ्यांनी त्याला ओढत वर आणलं. खांद्याचं हाड मोडलं होतं. मी फडकं सोडलं. स्फटिक वाहून गेला होता, उरल्या होत्या तारा आणि लाखेचा तपकिरी पापुद्रा. दादा वेदनेने आणि रागाने थरथरत विचारत होता, कुणी मारलं, कुठच्या पोलिसाने मारलं, आणि आम्ही खुणा करून थकलो.

आई त्याच्या पाठीशी बसली. मी पट्टी बांधायचे ती जागा तिने बोटाने चाचपली, तिथल्या हाडावर आपली हनुवटी गच्च टेकवली आणि बोलली.

‘घागर मियाच मारलंय. परत गेलंस तर परत मारतलंय.’

दादा डोळे न उघडता म्हणाला, ‘ओरडतंस कित्याक?’