दोन सीटांच्या गाडीचे टायर

रविवार, १४ डिसेंबर २०२५. रक्कम एकेचाळीस हजार दोनशे रुपये. हजर माणसे चार: मी, माझी पत्नी, कळसाडीहून आलेला तिचा धाकटा भाऊ आणि नवापूरच्या टायरच्या दुकानाचे शेठ. शेठनी रक्कम कॅल्क्युलेटरवर दाबून आमच्याकडे वळवली, तोंडाने उच्चारली नाही. त्यात काळ्या रंगाची चार पंधरा इंची अलॉय चाके, त्यांवरचे टायर, बसवणे आणि बॅलन्सिंग एवढे धरले होते.

गाडी आमच्याबरोबर नव्हती. ती शहाद्याला अंगणात विटांवर उभी होती. तिची चार जुनी चाके मेहुण्याच्या मोठ्या गाडीत मागे गोणपाटावर घालून आणली होती. आमची गाडी म्हणजे दोन दारांची, दोनच सीटांची, कापडी छपराची लाल स्पोर्ट्स कार. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. सुरतेचा एक गृहस्थ दर दिवाळीला फोन करून ती विकत मागतो. यंदा मी त्याला संक्रांतीपर्यंत सांगतो म्हणालो होतो.

तसे म्हणायला कारण पत्नीची कंबर. तिच्या दोन मणक्यांमधली चकती सरकली आहे. डॉक्टरांनी सांगितले, तासभर बसा, मग उतरून चाला, पण हादरे नकोत. दोन वर्षांपूर्वी एकदा बाजारातून आल्यावर ती दाराला धरून उतरली आणि म्हणाली, "आते हाई गाडी मन्हा कामनी नही." त्यानंतर ती तिच्यात बसली नाही. मी एकट्याने दोन-चार फेऱ्या मारल्या, पण शेजारची सीट रिकामी ठेवून ती गाडी चालवण्यात अर्थ नव्हता. चाके बदलून हादरे कमी झाले आणि पत्नी बसू शकली तर गाडी ठेवायची, नाहीतर सुरतेला द्यायची, असे आमचे ठरले होते.

ही गाडी आम्ही २००३ साली घेतली. मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर होतो, पत्नी शहाद्याला शाळेत शिक्षिका. राहायला आम्ही तापीकाठच्या गावी, अकरा माणसांच्या घरात. मला जुनी जीप घ्यायची होती. सुरतेच्या एका कापडवाल्याचा मुलगा परदेशी गेला म्हणून ही गाडी ब्याण्णव हजारांत मिळत होती, आणि जीप होती एक लाख दहा हजारांना. मी आकडे पाहिले आणि ही घेतली. गावात शिरल्यावर शेजारचे काका ओट्यावरूनच म्हणाले, "अर्धीच गाडी लई उनात का? बाकीनी कव्हय येई?" आई हळदीकुंकू घेऊन बाहेर आली, वाकून आत पाहिले आणि विचारले, "मंग मी कोठे बठू, डिक्कीमा?"

तिचे खरे होते. आमच्याकडे गाडी म्हणजे लग्नाला नऊ माणसे, दोन बॅगा आणि आहेराची भांडी एका खेपेत नेणारी वस्तू. दोन माणसांची गाडी घेणे म्हणजे दोनच पोळ्यांचा तवा घेण्यासारखे. आई पुढची तीन वर्षे रुसल्यासारखी त्या गाडीला 'तुम्हनी गाडी' म्हणत होती.

पण मला हिशेबात न धरलेला फायदा झाला. घरात दिवसभर आम्ही नवराबायको एकमेकांशी बोलत नसू. भांडण नव्हते, रीत होती. मोठ्यांपुढे मला काही सांगायचे असले तर ती भाचीमार्फत सांगे, आणि भाची निम्मे विसरे. गाडी घेतल्यावर सकाळी अठरा किलोमीटर आणि संध्याकाळी अठरा किलोमीटर, मध्ये कोणाला बसवायला जागाच नाही. गावातून निघताना ती डोक्यावर पदर घेऊन समोर पाहत बसायची. शेवटचे घर मागे पडले, केळीच्या मळ्याचे वळण आले, की पदर खाली यायचा. छपर उघडे असले तर वाऱ्याने तो उडे, म्हणून त्याचे टोक ती मांडीखाली दाबून ठेवी. मग बोलायला लागे. शाळेतल्या हेडबाईंपासून सुरुवात व्हायची. मुलीचे शिक्षण, दुसरे मूल नको हा निर्णय, शहाद्याला बिऱ्हाड करायचे की नाही, हे सगळे त्या रस्त्यावर ठरले. कित्येकदा बोलणे संपले नाही म्हणून मी शाळेच्या अलीकडे गाडी उभी करून थांबलो आहे. ती घड्याळ पाही आणि म्हणे, "बाकीनं संध्याकायले."

२०१२ मध्ये आम्ही शहाद्याला आलो. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर आली. आता घरी बोलायला कोणाची अडचण नाही, तरी घरी आम्ही भाजी, लाइट बिल आणि औषधे एवढेच बोलतो. हे मला उशिरा लक्षात आले.

तर नवापूर. मेहुण्याला काळी चाके फार आवडली होती. त्याने एक चाक उभे करून फिरवले. "दाजी, ह्याच लावा. गाडी नवरदेवगत दिसी."

पत्नी दुकानातल्या खुर्चीवर पाठ टेकून बसली होती. ती म्हणाली, "नवरदेवनी कंबर धड ऱ्हास. मन्ही नही."

मी कागद काढला. आमचा जुना टायर एकशे पासष्ट मिलिमीटर रुंद, उंची त्याच्या सत्तर टक्के. म्हणजे रिमच्या कडेपासून रस्त्यापर्यंत सुमारे एकशे पंधरा मिलिमीटर रबर. शेठ दाखवत होते तो एकशे पंच्याण्णव रुंद, पण उंची पंचेचाळीस टक्के. म्हणजे अठ्ठ्याऐंशी मिलिमीटर. चाक जितके मोठे तितके रबर कमी. मी सत्तावीस मिलिमीटरचे अंतर दोन बोटांत धरून पत्नीला दाखवले.

"इतलं रबर कमी?" तिने विचारले.

"इतलं."

"मंग ते मन्ही कंबरले लागी."

दुसरी अडचण बोल्टांची निघाली. आमच्या चाकाला चार भोके. समोरासमोरच्या दोन भोकांमधले अंतर अठ्ठ्याण्णव मिलिमीटर आहे, आणि दुकानातल्या सगळ्या चाकांचे शंभर. शेठ म्हणाले, "दोन एमएमचा तर सवाल आहे, भाऊ. बोल्ट ओढून घेतला की बसून जाते. पुष्कळ लोक बसवून फिरतात."

"बोल्ट तिरपा बसणार."

"थोडा."

"तुमची गाडी असती तर बसवली असती?"

शेठनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "माझी असती तर नसती बसवली. पण माझ्या दुकानात गिऱ्हाईक मी नाही, तुम्ही आहात."

आम्ही सगळे हसलो. शेठनी चहा पाजला. आमच्या मापाचे, तेरा इंचाचे टायर ते आता ठेवत नाहीत. बाहेर पडल्यावर मेहुणा म्हणाला, "मंग नवापूरले आपन काय भजा खावाले गयथूत?"

परतताना विसरवाडीच्या फाट्यावर थांबलो, कारण पत्नीचा तास होत आला होता. ती एस.टी. स्टँडपर्यंत चालत गेली आणि परत आली. तेवढ्यात मेहुण्याने पत्र्याच्या शेडखालच्या एका टायरवाल्याकडे हवा तपासायला गाडी लावली. त्याच्याकडे बहुतेक ट्रकचे काम. साठीचा माणूस, हात कोपरापर्यंत काळे. मागचे दार उघडे होते, त्यातून त्याला आमची जुनी चाके दिसली. त्याने न विचारता एक बाहेर ओढले, टायरच्या बाजूवरून अंगठा फिरवत नेला आणि एका ठिकाणी थांबवला.

"चौतीस, अकरा," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"दोन हजार अकरा सालचा चौतिसावा आठवडा. तेव्हा हा टायर बनला. चौदा वर्षे झाली, भाऊ."

मी म्हणालो, "पण खाचा साडेचार मिलिमीटर खोल आहेत. मी मोजल्यात."

"गाडी उभी राहिली की खाचा राहतात. रबर मरते." त्याने रबरावर नख दाबले. नख रुतले नाही. मग शेजारच्या नव्या टायरवर दाबून दाखवले. "हवा किती ठेवता?"

"पस्तीस."

"एवढ्याशा गाडीला? सव्वीस पुष्कळ झाली." मग चालत आलेल्या पत्नीकडे पाहून तो म्हणाला, "यांनी तर तुम्हाला लाकडाच्या चाकांवर फिरवले, ताई."

 मला तीन वर्षांपूर्वीची एक सकाळ आठवली. पत्नी म्हणाली होती की गाडी पहिल्यासारखी चालत नाही, आपटते. मी घरातून खाचांची खोली मोजायची पट्टी आणली, तिच्यासमोर गुडघे टेकून चारही टायरच्या खाचा मोजल्या आणि साडेचारचा आकडा तिला दाखवला. टायर चांगले आहेत, असे सांगितले. आकडा खरा होता. त्याच टायरवर चार बोटे वर दुसरा आकडा होता, तो मी कधी वाचलाच नव्हता. मणक्याचा दोष टायरचा नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले आहे. पण ती गाडीतून उठली त्याचे कारण मी तीस वर्षे वजनाचे आकडे लिहूनही चुकीचा आकडा पाहत राहिलो हे होते.

टायरवाल्याने सुचवले ते साधे होते. जुनीच लोखंडी चाके ठेवा, दोन वाकली आहेत ती ठोकून सरळ करतो. मूळ मापाचे टायर सुरतेहून ओळखीच्या ट्रकने गुरुवारपर्यंत मागवतो. पैशांचे विचारले तेव्हा पत्नीकडे बोट करून म्हणाला, "आधी ताई बसून बघतील. नाही जमले तर टायर परत घेईन."

टायरवाल्याकडे सोडलेली चाके मेहुण्याने गुरुवारी नव्या टायरसह आणून टाकली. मी चारही टायरवरचे आकडे वाचले. चारही दोन हजार पंचवीस सालचे होते. शनिवारी मी ती स्वतः चढवली आणि हवा सव्वीसवर आणली.

रविवारी सकाळी पत्नी बसली. गाडी खाली आहे, म्हणून आधी आडवी सीटवर टेकली, मग एकेक पाय आत घेतला. कळसाडीच्या रस्त्याला लागलो. मी ताशी वीसने चालवत होतो आणि प्रत्येक खड्ड्याआधी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. ती खिडकीबाहेर कापसाचे शेत पाहत होती.

"इतलं हयू कसाले?" ती शेवटी म्हणाली. "ऊसनं ट्रॅक्टरबी पुढे निंघी गयं."

"लागी नही ना ऱ्हायनं?"

"लागनं तर सांगसू." थोड्या वेळाने म्हणाली, "मी सांगेल व्हतं, गाडी आपटस. तुम्हीन माले माप दखाडं."

"चुकनू."

"हां. आते रस्ता दखा."

मी वेग पस्तीसपर्यंत नेला. एक मोठा उंचवटा आला, गाडी वर जाऊन मऊ खाली आली. तिने हात सीटच्या कडेवर ठेवला होता, तो काढून मांडीवर घेतला. मग ती हेडबाईंबद्दल बोलायला लागली. हेडबाई आता तिसऱ्या आहेत, पण तक्रारी त्याच. बोलता बोलता म्हणाली की नोकरीची उरलेली तीन वर्षे तिला करायची नाहीत, पोरांपुढे उभे राहवत नाही, आणि हे ती वर्षभर मनात ठेवून आहे. मी पेन्शनचा आकडा विचारला नाही. कळसाडीला मेहुण्याच्या दारात पोहोचलो तरी तिचे सांगणे संपले नव्हते, म्हणून दारात न थांबता गावाच्या पुढे आणखी चार किलोमीटर गेलो.

दुसऱ्या दिवशी सुरतेच्या गृहस्थाला फोन करून नाही म्हणालो.

२५ डिसेंबरला सुट्टी होती. पैसे द्यायला मी विसरवाडीला निघालो तेव्हा पत्नी आपणहून चप्पल घालून बाहेर आली. नंदुरबारला उतरून पंधरा मिनिटे चाललो, आणि पुढे निघालो. चार टायरचे तीन हजार दोनशे पन्नासप्रमाणे तेरा हजार, दोन चाके सरळ करण्याचे नऊशे, बसवणे आणि बॅलन्सिंग सहाशे, ट्रकवाल्याचे दोनशे. टायरवाला वरचे दोनशे सोडायला तयार होता. पत्नीने सोडू दिले नाहीत. एकूण चौदा हजार सातशे रुपये विसरवाडीच्या फाट्यावरच्या त्या टायरवाल्याला रोख दिले.