आधी विसार द्या

हसा, पण चहा सांडू नका. माझ्या अतिशहाणपणाची गोष्ट आहे ही!

साल दोन हजार सात. मी मूळची बार्शीची, नोकरीसाठी जांब्यात काकूंकडे खोली घेऊन राहत होते. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, निघतानाच बजावलं होतं, "दिवाळीपर्यंत नोकरी लागली नाही, तर गुपचूप घरी यायचं." घरी म्हणजे काय, तर मुलगा बघून ठेवलेला! मग काय, रोज सायबर कॅफेत जायचं आणि दिसेल त्या साइटवर बायोडेटा टाकायचा.

एक दिवस मेल आली. लंडनचं हॉटेल, मुलाखत नाही की काही नाही, पगार पौंडांत! फक्त नोंदणीचे पाच हजार आधी भरायचे. मी नाचतच घरी आले. काकू तांदूळ पाखडत होत्या.

"पैसं कुनी द्यायचं? तू?"

"हो. नोंदणीचे."

"येडी का खुळी? कष्ट बी तुझं अन् पैसं बी तुझंच? अगं, आमी जमीन इकली तवा घेनाऱ्यानं आदी विसार ठेवला हातावर. ज्याला गरज, त्यानं पैसं द्यायचं. उलटं मागतुया त्यो लबाड!"

खाडकन डोळे उघडले हो माझे. पैसे वाचले. पण तेवढ्यावर थांबेल ती मी कसली? ठरवलं, आता कुणी मला फसवूनच दाखवावं!

आठवड्यानं फोन आला.

"मॅडम, तुमचा बायोडेटा पाहिला. उद्या मुलाखतीला याल का? ऑफिस जांब्यातच आहे. मारुतीच्या देवळामागे, दूध डेअरीच्या वर."

डेअरीच्या वर कंपनी? मी काय दुधखुळी आहे?

"कंपनी खरी कशावरून?"

"म्हणजे?"

"खरी असेल तर आधी विसार द्या. पाचशे रुपये. मगच मी मुलाखतीला येणार!"

"मॅडम, मुलाखतीला यायचे पैसे?"

"ज्याला गरज, त्यानं द्यायचे!"

फोन बंद. पळाला लबाड! मला इतका चेव आला की संध्याकाळपर्यंत मीच तीनदा त्या नंबरवर फोन केला. "काय, घाबरलात ना? विसार कधी पाठवताय?"

रात्री जेवताना काकूंना सगळा पराक्रम ऐकवला.

"कुटं म्हनला हापिस?"

"डेअरीच्या वर."

काकूंचा घास हातातच राहिला. "अगं भवाने, ती आमच्या भाऊजींची इमारत! मंगळवारी त्या हापिसच्या पूजेचा शिरा खाऊन आले की मी!"

दिवाळीला उरले होते बारा दिवस! दुसऱ्या दिवशी काकूंनी दंडाला धरून मला तिथं नेलं. साहेबांनी माझं नाव ऐकलं आणि खुर्ची मागे सरकवली.

"त्या विसारवाल्या तुम्हीच का?"

"सायेब, पोरगी गुनाची हाय," काकू म्हणाल्या. "माझ्याच शिकवनीनं बिघडली."

साहेब पोट धरून हसले. मग मुलाखत घेतली, आणि नोकरी दिली! मी वर बघून हात जोडले, तर समोर ऑफिसच्या फोनशेजारी भिंतीवर कागद चिकटवलेला: 'सावधान! ही बाई मुलाखतीला यायचे पैसे मागते. फोन उचलू नये.' खाली ठळक अक्षरांत माझा नंबर. तो काढा म्हणायला तोंड कुठं होतं मला?

दिवाळीला ताठ मानेनं बार्शीला गेले. परतायच्या दिवशी ताप भरला. सुट्टी वाढवून मागायला माझ्या मोबाइलवरून ऑफिसला फोन लावला. वाजतोय, वाजतोय, कुणी उचलेल तर शपथ! अकरा वेळा लावला.

अण्णा समोर बसून सगळं बघत होते. शेवटी हळूच जवळ सरकले.

"बाळ, खरं सांग. ही कंपनी बोगस तर नाही ना?"