चाकाचा शेवटचा नट

दोन हजार पाच-सहाची गोष्ट. दापोड्याच्या आमच्या अंगणात मुलीचं लग्न लागलं, पंगती उठल्या आणि पाठवणीच्या वेळेस दिसलं की माझ्या टेम्पोचं ड्रायव्हर बाजूचं पुढचं चाक बसलंय.

टेम्पो झेंडूनं सजवलेला. लहानपणी ती माझ्याशेजारी बसून गोडाऊनच्या खेपा करायची, तिथंच झोपायची. लग्न ठरलं तेव्हाच म्हणाली होती, "सासरी जाईन तर आपल्या टेम्पोतून." मी सगळ्यांसमोर हो म्हटलं होतं. म्हटलं म्हणजे म्हटलं.

स्टेपनी तयार होती. पण माझ्या मेव्हण्याला घाई. मी हात लावायच्या आत त्यानं कुठला तरी झिजलेला पाना घातला. बाकीचे नट कसेबसे सुटले, शेवटच्याचे कोन घासून तो सुपारीसारखा गोल झाला. पाना नुसता गरगर फिरायचा.

"भावोजी, ह्यो आता न्हाय निघत."

व्याही पुढे आले. "कशाला तरास घेता? आमची एसी गाडी उभी हाय. पोरीला घामात कशाला न्यायची?"

कोणीतरी मेकॅनिकला मोबाइल लावला. तो कशेळीच्या पुलावर ट्राफिकमध्ये अडकलेला. मुलगी ओटीवर उभी होती. "मी थांबते, बाबा," एवढंच बोलली.

मी बाह्या वर सारल्या. नटावर डिझेल सोडलं. पेटीतली नटाहून थोडी लहान गोटी काढली, म्हणजे नटावर टोपीसारखा बसतो तो पाना, आणि हातोड्यानं ठोकली. बसायला तयार नव्हती, मी बसवली. दांडा लावला, दांड्यावर लांब पाइप चढवला, जोर केला. हलेना. मी पडलो काटकुळा. व्याह्यांकडची दांडगी पोरं पुढे सरसावली.

म्हटलं, "तुम्ही पावणे. बसा." मेव्हण्याला तर हात लावू देणारच नव्हतो. मी बायकोला हाक मारली.

"ये. पाइपावर उभी ऱ्हा."

"आज? पैठणी नेसून?"

"साडी वर धर जरा."

"पाडलंत तर बघा!"

"इतक्या वर्षांत कधी पाडलंय का?"

"बोलायला लावू नका. पावणे हायत."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चढली. बायकांनी तोंडाला पदर लावले. माझी बायको वजनदार आहे, आणि हे मी कौतुकानं सांगतो. पाइप वाकला आणि कटकन आवाज आला. नट सुटला तरी आवाज तोच आणि बोल्ट तुटला तरी तोच. ती खाली उतरली. मी दांडा हळूच फिरवला. नट मुकाट्यानं फिरत बाहेर आला. बोल्टाचे आटे शाबूत.

तो नट गोटीत जो रुतला तो आजही तिथंच आहे. जावई म्हणतो, "मामा, ठोकून काढतो, गोटी चांगली हाय." मी देत नाही.

स्टेपनी चढली. मुलगी माझ्याशेजारी बसली, तिच्या पलीकडे जावई, मांडीवर फेटा घेऊन. मागून व्याह्यांची एसी गाडी हॉर्न देत होती. नवऱ्याकडची गाडी पुढे असते, हे मला माहीत होतं. त्यांच्या खारबावपर्यंत मी साइड दिली नाही.