आण्णांची लाईन

विरूपाक्षआण्णांनी शाहूपुरीत पस्तीस वर्षं गुळाची अडत केली आणि तेवढी वर्षं कुणाचं म्हणून ऐकलं नाही. दुकान बंद करून घरी बसल्यावर मात्र ते एका गोष्टीला कान लावून बसायचे. शिवांजलीच्या रेडिओला.

शिवांजली त्यांची एकुलती एक लेक, लग्न होऊन अमेरिकेत गेलेली. तिथल्या मराठी मंडळींनी इंटरनेटवर एक रेडिओ काढला होता. त्यावर ती दर रविवारी अर्धा तास, घरातच माइक लावून, जुनी गाणी ऐकवायची आणि मधे गप्पा मारायची. तिकडे सकाळ, आपल्याकडे संध्याकाळ. २००८ साली घरी ब्रॉडबँड आलं, तेव्हा आण्णांनी कॉम्प्युटर सोप्यातल्या, म्हणजे बाहेरच्या खोलीतल्या, दोन मोठ्या लाकडी स्पीकरना जोडून घेतला. जोडायला मी. मी शेजारी, बँकेत नोकरीला. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसतो म्हणजे याला त्यातलं सगळं कळतं, असा गल्लीचा समज होता आणि त्यापायी माझे किती रविवार गेले ते मलाच ठाऊक.

पहिलं वर्ष बरं गेलं. मग आण्णांची कुरकुर सुरू झाली.

"पोरीचा आवाज बारीक येतोय. अंगच न्हाई आवाजाला."

शिवांजलीचा आवाज आमच्या गल्लीला माहीत होता. तिनं गच्चीवरनं हाक मारली की कोपऱ्यावरचे रिक्षावाले वळून बघायचे. तो आवाज त्या स्पीकरमधून येत नव्हता, हे मलाही कबूल होतं. दोष लाईनचा, असं आण्णांनी ठरवून टाकलं.

स्पीकर बांधून देणाऱ्या दस्तगीरला बोलावणं गेलं. तो म्हणाला, "आण्णा, लाईन वाढवली तर गाणं मधीच तुटायचं थांबंल. आवाज हाय तसाच येणार. तिकडनं जेवढा सोडलाय, तेवढाच हितं."

"तू स्पीकर बघ, लाईनीचं मी बघतो," आण्णा म्हणाले.

मग मोडेम बदलला. खांबापासून घरापर्यंतची वायर बदलली. मोठा प्लॅन घेतला. दर वेळी मी टेबलाखाली गुडघ्यावर आणि आण्णा वरनं हुकूम सोडणार. त्या काळात त्या घरात माझी किंमत एका प्लगाइतकी होती. कार्यक्रम तुटायचा थांबला हे खरं, पण शिवांजली होती तशीच बारीक.

"बारदान बदलून गूळ गोड हुतोय व्हय?" महादेवीकाकू म्हणाल्या. गुळाच्या ढेपेला बाहेरून गुंडाळतात ते बारदान. आयुष्यभर गूळ विकलेल्या माणसाला हे बायकोनं सांगावं याचा आण्णांना इतका राग आला, की जेवण होईपर्यंत ते तिच्याशी बोलले नाहीत.

सौद्यात आण्णांची एक रीत होती. एखाद्या ढेपेचा रंग मनात भरला नाही, तर लगेच नाव ठेवायचं नाही. दुसऱ्या गुऱ्हाळाची ढेप त्याच उजेडात शेजारी आणून ठेवायची. दोन्ही काळपट दिसल्या तर दोष उजेडाचा. घरी मात्र शिवांजलीचा कार्यक्रम संपला की ते रेडिओ लगेच बंद करायचे. दुसऱ्या कुणाचं ऐकायची त्यांना गरजच वाटत नव्हती.

एका रविवारी ते अडकित्त्यानं सुपारी कातरत होते, त्यामुळे रेडिओ तसाच चालू राहिला. पुढच्या कार्यक्रमाची बाई बोलायला लागली. भरदार, मोकळा आवाज. सोपा भरून गेला. लाईन तीच, वायर तीच, स्पीकरही तेच.

आण्णांनी अडकित्ता खाली ठेवला. बराच वेळ त्या बाईचं बोलणं ऐकलं. मग मला म्हणाले, "शिवांजलीला लाव."

मी कॉम्प्युटरवरूनच फोन लावला. आवाज त्याच मोठ्या स्पीकरमधून यायचा.

"आण्णा, आता नीट येतोय का आवाज? बदलली का वायर?" तिनं विचारलं.

"वायर चांगली हाय. तू एवढं हळू का बोलतीस?"

तिनं आवाज आणखी खाली आणला. मग म्हणाली, "मोठ्यांदा बोललेलं चालत न्हाई, आण्णा."

"शेजाऱ्यास्नी?"

"न्हाई. घरात."

पुढं तिला बोलता येईना. ती तोंडावर पदर की हात धरून रडत होती कोण जाणे, पण लपत काहीच नव्हतं. पूर्वीची लाईन असती तर मधे एकदा तरी तुटली असती. मला तिथून उठून जावंसं वाटलं आणि उठताही येईना. ज्या जावयाचं कौतुक मीही चारचौघांत केलं होतं, त्याचा त्या क्षणी मला भयंकर राग आला.

गल्लीत ऐकू जाईल म्हणून काकू आवाज कमी करायला उठल्या. आण्णांनी त्यांचा हात धरून त्यांना खाली बसवलं.

"असू दे मोठा," ते म्हणाले. मग माइकजवळ वाकले. "तिकीट काढतो, हिकडं निघून ये. आनी आता बोल पोरी. मोठ्यांदा बोल."